गोव्याचा कायदा पोर्तुगीजांनी दिला, हे अर्धंच खरं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही पुण्याचे, सासुरवाडी गोव्यातल्या सासष्टीची. तिथली मंडळी ‘आमच्याकडे कायदाच वेगळा’ असं अभिमानानं सांगतात आणि त्याच तोंडानं पोर्तुगीजांनी केलेल्या अत्याचारांच्या आठवणीही काढतात. हा वेगळेपणा पोर्तुगीजांनी दिलेला की त्यांच्या आधीचा, आणि कायद्यामुळे माणसं अशी घडली की माणसं अशी होती म्हणून कायदा असा झाला, हे तुम्हाला हवं आहे. जाता जाता बायकोच्या वाट्याचं काय, असंही तुम्ही विचारलं आहे. त्याकडे शेवटी येतो, कारण त्याचं उत्तर इतिहासाशिवाय नीट कळणार नाही.

मी गोव्यात दिवाणी वकिली करतो, त्यातही जमीन, वाटण्या आणि वारसा हेच मुख्य काम. इतिहासकार नाही. पण इथे वाटणीची फाईल उघडली की पहिले दोन प्रश्न इतिहासाचेच असतात: गाव कुठल्या तालुक्यातलं, आणि जमीन कोणत्या प्रकारची? तिसवाडी, बार्देश, सासष्टी आणि मुरगावचा पट्टा असेल तर एक प्रकारचे कागद निघतात. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, सांगे, केपे, काणकोण असेल तर दुसऱ्या प्रकारचे. कायदा एकच असला तरी.

आधी एक गाठ सोडवू. ‘गोव्याचा कायदा’ म्हणताना लोक दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र करतात. एक म्हणजे घरातला कायदा: लग्न, नवराबायकोची मालमत्ता, वारसा. हा लिस्बनहून आला आणि इथे 1870 पासून लागू आहे. दुसरा गावाचा कायदा: जमीन कोणाची, गावात मान कोणाचा, बांध कोणी दुरुस्त करायचा. हा पोर्तुगीज यायच्या किती तरी आधीचा आहे. त्यांनी तो फक्त लिहून घेतला. वर्तमानपत्रांत गाजतो तो पहिला. माझ्या मते इथला माणूस घडवला तो दुसऱ्यानं.

या दुसऱ्या कायद्याचं नाव गावकरी, आजच्या सरकारी भाषेत कोमुनिदाद. गावची जमीन पहिल्यांदा लागवडीखाली आणणाऱ्या कुळांच्या वंशजांची, म्हणजे गावकरांची, ती सामाईक. वाटून घ्यायची नाही. शेतं ठरावीक मुदतीनं लिलावात कसायला द्यायची. आलेल्या पैशातून राजाचा सारा, देवळाचा खर्च, बांधबंदिस्ती आणि गावच्या कामकऱ्यांचे वाटे भागवायचे. उरेल ते गावकरांत वाटायचं, त्याला जोण म्हणतात. गावकरांचे गट म्हणजे वांगड, आणि वांगडांचा मानाचा क्रम ठरलेला.

ही व्यवस्था कुणाच्या थोर विचारातून निघाली असं मला वाटत नाही. ती चिखलातून निघाली. मांडवी आणि झुवारीच्या काठची भातशेतं, ज्यांना आम्ही खाजन म्हणतो, ती भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहेत. खारं पाणी बाहेर ठेवायला मातीचे लांबच लांब बांध, आणि पावसाचं पाणी बाहेर सोडून भरती आत येऊ न देणारी लाकडी दारं, म्हणजे मानस. एकाच्या हद्दीत बांध फुटला की शेजाऱ्याचं शेतही खारं होतं आणि पुढची काही पिकं हातची जातात. अशा जमिनीवर प्रत्येकाची सुटी मालकी टिकणंच अवघड. बांध सगळ्यांचा म्हणून जमीन सगळ्यांची, आणि जमीन सगळ्यांची म्हणून हिशेब लिहिणारा कुलकर्णी, सभा, ठराव, लिलाव हे सगळं ओघानं आलं.

1510 मध्ये आफोंसो दे आल्बुकेर्कनं गोवा बेट घेतलं तेव्हा हे सगळं चालू होतं. आदिलशाहीच्या आधी बहामनी आणि विजयनगर, त्याच्या मागे कदंब. राजे बदलत गेले, गावकऱ्या सारा भरत राहिल्या. नव्या राजालाही सारा हवाच होता. म्हणून 1526 मध्ये महसुलाचा प्रमुख अधिकारी आफोंसो मेशिया यानं तिसवाडीच्या गावकरांच्या रूढी लिहून काढल्या. हाच प्रसिद्ध फोराल. चार माणसं एका ओसाड बेटावर आली आणि त्यांनी ते कसायला घेतलं, अशी गावकरांच्या मुळाची कथा त्यात आहे. पानविडा आधी कोणाला, इथपासून सारा कोणी किती भरायचा इथपर्यंत सगळं त्यात आहे.

फोरालला काही लोक ‘गोव्याची सनद’ म्हणून डोक्यावर घेतात. मला ती महसूल खात्याची टिपणवही वाटते, फार महत्त्वाची, पण टिपणवहीच. तिचा खरा परिणाम असा की जी रूढी तोवर वाकत होती, वादातून बदलत होती, ती कागदावर गोठली. गावकरांच्या यादीत ज्यांची नावं होती ते कायमचे आतले. नव्हती ते, आणि त्यात प्रत्यक्ष शेत कसणारे पुष्कळ होते, कायमचे बाहेरचे. पुढच्या चारशे वर्षांतले गावकर-बिगरगावकर, भाटकार (जमीनमालक) आणि मुंडकार (त्याच्या जमिनीवर घर करून राहणारा) हे सगळे तंटे त्या आत-बाहेरच्या रेषेवरचे आहेत.

फोरालमध्ये आणखी एक गोष्ट नोंदली आहे, जी तुमच्या बायकोच्या प्रश्नाशी थेट जुळते. मुलींना वारसा नाही. मुलगे नसलेल्याची जमीन राजाकडे जाई. आणि मग सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात याच नियमाला पहिली भोकं पाडली गेली ती अशी: बायको किंवा मुलगी ख्रिस्ती झाली तर तिला वारसा मिळेल. मुलीच्या हक्काची गोव्यातली पहिली लेखी पावलं ही सुधारणेपोटी पडलेली नाहीत, धर्मांतराचं आमिष म्हणून पडली आहेत. गोव्याच्या पुरोगामी कायद्याची कौतुकं ऐकताना हे मला हमखास आठवतं.

जुन्या काबिजादींमध्ये म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या तिसवाडी, बार्देश, सासष्टीत (शेवटचे दोन 1543 पासून) पुढे काय झालं ते तुम्ही ऐकलं असेल. 1541 मध्ये तिसवाडीच्या देवळांच्या जमिनींचं उत्पन्न ख्रिस्ती संस्थांकडे वळवलं. मग देवळं पाडली. 1560 मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, आलं आणि अधेमधे थांबून 1812 पर्यंत राहिलं. लोकांनी देव उचलले आणि नदीपलीकडे, जिथे पोर्तुगीज सत्ता नव्हती त्या अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंड्याकडे, नेले. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. आज पर्यटक ज्याला गोव्याचं देवळांचं वैभव म्हणतात तो पट्टा म्हणजे या निर्वासित देवांची वसाहत आहे. त्या देवस्थानांचे महाजन, म्हणजे वंशपरंपरेनं देवळाचे हक्कदार, अजूनही मूळ गावांवरून ओळखले जातात, आणि महाजनांचा कारभार आजही पोर्तुगीज काळातल्या 1933 च्या देवस्थान नियमावलीनुसार चालतो. महाजन कोण आणि कोण नाही यावरचे दावे आमच्या कोर्टात नित्याचे.

तुमच्या सासुरवाडीकडे कुंकळ्ळी हे नाव वारंवार निघत असेल. जुलै 1583 मध्ये तिथल्या लोकांनी पाच जेझुइट धर्मप्रसारकांना आणि त्यांच्याबरोबरच्या काही जणांना ठार मारलं. नंतर गावच्या प्रमुखांना बोलणीसाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून त्यांची कत्तल केली गेली. सहसा गोष्ट इथे संपवतात. वकील म्हणून मला पुढचा भाग जास्त बोलका वाटतो: कुंकळ्ळी आणि शेजारच्या गावांच्या गावकरीच्या जमिनी जप्त करून पोर्तुगीज सरदाराला देऊन टाकल्या. म्हणजे राज्यकर्त्यांना पक्कं ठाऊक होतं की गावाची ओळख मोडायची तर गावकरी मोडावी लागते. इतरत्र त्यांनी ती मोडली नाही, कारण सारा तिच्यातूनच येत होता.

म्हणून एक विचित्र गोष्ट घडली. सासष्टीतला माणूस ख्रिस्ती झाला, नाव बदललं, आडनाव बदललं, पण वांगड तोच राहिला, जोण तीच राहिली, जातही राहिली. देवळाच्या उत्सवातला मान चर्चच्या फेस्तातल्या मानात उतरला. 1736 मध्ये इन्क्विझिशननं एक लांबलचक मनाईहुकूम काढला. लग्नात हळद लावू नये, विडे देऊ नयेत, ओव्या गाऊ नयेत असं बरंच काही. दोनशे वर्षांनंतरही मनाई करावी लागते, याचा अर्थ लोक ते करतच होते. तुमच्या सासुरवाडीची माणसं हिंदू की ख्रिस्ती हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण या मुद्द्यापुरता त्यानं फारसा फरक पडत नाही.

नव्या काबिजादींची गोष्ट अगदी निराळी. फोंडा आणि आसपासचे महाल 1763 च्या सुमारास सौंदेकर राजाकडून, डिचोली-सत्तरी 1780 च्या दशकात, पेडणे 1788 मध्ये. तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता आणि तुमचा धर्म आणि रूढी राखू असं आश्वासन देऊनच हे भाग ताब्यात घेतले. इथे देसाई, सरदेसाई, सत्तरीत राणे घराण्याचा मोकासा, म्हणजे वसुलीच्या हक्कासह मिळालेला मुलूख. जुने कागद मोडीत आणि मराठीत. राणे घराण्याची बंडं झाली, दीपाजी राणे यांचं 1852 चं त्यातलं सर्वांत गाजलेलं, आणि त्यांच्या मुळाशी पुष्कळदा जमिनीचे हक्क आणि रूढीत केलेली ढवळाढवळ हेच होतं. सासष्टीच्या माणसाला पोर्तुगीज राजवट चारशेहून अधिक वर्षांची, पेडण्याच्या माणसाला पावणेदोनशेची. हा हिशेब न करता ‘गोमंतकीय ओळख’ म्हणून एकच चित्र रंगवलं की ते कोणाचंच राहत नाही.

आता घरातल्या कायद्याकडे. पोर्तुगालची 1867 ची नागरी संहिता 1 जुलै 1870 पासून इथे लागू झाली. ती आली तेव्हाही ‘इथल्या रूढी सोडून’ अशी सवलत होती आणि 1880 मध्ये हिंदूंच्या रूढींची वेगळी संहिता काढली गेली. त्यातलं एक कलम सगळ्यांना माहीत असतं: बायको पंचविशीपर्यंत निपुत्रिक राहिली किंवा तिशीपर्यंत मुलगा झाला नाही तर हिंदू पुरुषाला दुसरी बायको करता येई. व्यवहारात हे कलम मेलेलं आहे, पण ‘गोव्यात शंभर टक्के समान कायदा’ म्हणणाऱ्यांना ते दाखवावं लागतं. ख्रिस्त्यांच्या चर्चमध्ये लावलेल्या लग्नांनाही 1946 च्या एका फर्मानानं वेगळी वाट दिली होती. पूर्ण समान नाही, पण देशातल्या बाकीच्यांपेक्षा जास्त समान, इतकंच म्हणता येईल. मुस्लिमांचा शरियत कायदा 1937 चा आणि हिंदू वारसा कायदा 1956 चा, दोन्ही गोव्याला लागू केलेले नाहीत, आणि हा फरक खराच मोठा आहे.

संहितेचा गाभा चार गोष्टींत सांगता येतो. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची सगळी मालमत्ता, आधीची आणि नंतरची, दोघांची निम्मी-निम्मी. करार करायचा तर लग्नाआधीच. नंतर बदलता येत नाही. मुलगा-मुलगी वारसा सारखा. आणि मृत्युपत्र करायचं तर फक्त अर्ध्या मालमत्तेचं, उरलेला अर्धा भाग मुलांचा, तो बाप काढून घेऊ शकत नाही. त्याला कायद्यात दिलेली गंभीर कारणं लागतात. शेजारच्या महाराष्ट्रात हिंदू मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मानं हक्क 1994 मध्ये मिळाला, देशभर 2005 मध्ये. इथे मुलीचा वाटा 1870 पासून कागदावर आहे.

कागदावर, हे मुद्दाम म्हणतोय. व्यवहारात मुलींकडून हक्कसोड करून घेण्याची पद्धत इथेही आहे, फक्त इथे ती लपवता येत नाही. मुलीची सही लागते आणि मालमत्ता दोघांची म्हणून जावयाचीही. एक घर विकायचं तर सात भावंडं आणि त्यांचे सात जोडीदार. त्यातला एक लिस्बनला, एक नैरोबीत वारलेला आणि त्याची मुलं लंडनला. गावोगाव कुलूपबंद, छप्पर बसलेली मोठमोठी घरं दिसतात त्यांतल्या बऱ्याच घरांमागे हे कारण आहे. चांगल्या कायद्याची ही किंमत आहे, आणि मला ती देण्यासारखी वाटते; पण किंमत नाही असं कोणी सांगू नये.

19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला. 1962 च्या प्रशासन कायद्यानं सांगितलं की बदलेपर्यंत जुने कायदे चालू राहतील. पोर्तुगालनं स्वतः 1966 मध्ये नवी नागरी संहिता केली, ती अर्थातच इथे आली नाही. लिस्बननं सोडलेलं पुस्तक पणजीत चालू राहिलं. त्यातला वारशाचा भाग आता गोवा विधानसभेच्या स्वतःच्या कायद्यात आहे; 2012 चा हा कायदा 2016 च्या अखेरीस अमलात आला. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की ही संहिता आता परकी नाही, भारतीय संसदेनं स्वीकारलेला भारतीय कायदा आहे. इथे कायद्यानं ओळख घडवली असं मी म्हणेन: मुक्तीनंतर गोमंतकीयांना ‘आपलं’ म्हणून जपायला जे मिळालं त्यात हा कायदा आयता हाती आला.

गावच्या कायद्याचं नशीब उलटं. कोमुनिदादींची शेवटची संहिता एप्रिल 1961 ची, मुक्तीच्या आठ महिने आधीची, आणि दोनशेहून अधिक कोमुनिदादी आजही तिच्यावर चालतात. पण 1964 चा कूळ कायदा, 1975 चा मुंडकार कायदा आणि 1976 ची ‘कसेल त्याची जमीन’ ही दुरुस्ती यांनी तिचा कणा काढून घेतला. न्याय म्हणून हे योग्यच होतं. फोरालनं बाहेर ठेवलेली माणसं साडेचारशे वर्षांनी आत आली. एक गोष्ट मात्र कोणी नीट लिहिली नाही: बांधांचं काय? ते काम कुळांच्या संघांवर टाकलं, ते बहुतेक ठिकाणी जमलं नाही, आणि खाजनातली बरीच शेतं खाऱ्या पाण्याखाली गेली. जमिनीचा हक्क माणसागणिक वाटता आला, बांध वाटता आला नाही.

ओळखीचा प्रश्न मतपेटीत गेला तो 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात. महाराष्ट्रात विलीनीकरण नको म्हणणारे 1,72,191, हवं म्हणणारे 1,38,170. फरक 34,021 चा. नव्या काबिजादींतल्या पेडणे, डिचोली अशा भागांत विलीनीकरणाला जोर होता, सासष्टीत कडवा विरोध. याला निव्वळ हिंदू-ख्रिस्ती किंवा मराठी-कोंकणी वाद म्हणणं सोपं आहे. पण अनेक कुळांच्या आणि मुंडकारांच्या दृष्टीनं महाराष्ट्र म्हणजे कूळ कायदा होता, आणि अनेक भाटकारांच्या दृष्टीनंही तेच, म्हणून एकाला हवा होता आणि दुसऱ्याला नको. वीस वर्षांनी, 1987 मध्ये, राजभाषा कायदा झाला आणि 30 मे रोजी घटक राज्य मिळालं.

तेव्हा तुमच्या ‘आधी काय’ या प्रश्नाला माझं उत्तर असं की सासष्टीपुरतं तरी माणसं आधी. गाव, वांगड, बांध यांनी एक घट्ट सामूहिक माणूस घडवला होता, पोर्तुगीजांनी त्याचा धर्म बदलला आणि त्याची वही जपली. घरातला कायदा त्याच्यावर फार उशिरा चढला. पेडण्याच्या माणसानं हाच प्रश्न विचारला असता तर मी गावकरीऐवजी देवस्थान, देसाई आणि मोकासा यांच्यापासून सुरुवात केली असती.

आता तुमचं. तुमचं लग्न कुठे आणि कधी झालं, नोंदणी गोव्यात झाली का, त्याआधी करार केला होता का, यावर तुमच्या दोघांच्या मालमत्तेचं उत्तर अवलंबून आहे. ते कागद पाहिल्याशिवाय कोणीही छातीठोक सांगू नये. सासऱ्यांचं मात्र स्पष्ट आहे. ते गोव्याचे कायम रहिवासी असतील तर 2019 च्या त्याच निकालानुसार त्यांच्या गोव्याबाहेरच्या, समजा पुण्यातल्या फ्लॅटचाही वारसा गोव्याच्या कायद्यानंच ठरेल. लग्नाआधी वेगळा करार नसेल तर अर्धा भाग सासूबाईंचा आधीपासूनच. उरलेल्या अर्ध्यात, मृत्युपत्र नसेल तर, मुलगा आणि मुलगी सारखे. आणि बायकोनं हक्कसोड करायची ठरवली तर तुमच्याही सहीची गरज पडू शकते, त्यामुळे कोणी घाईनं कागद पुढे केला तर आधी वाचा.

जोण वेगळी. सासऱ्यांचं नाव गावच्या कोमुनिदादीत गावकर म्हणून असेल तर बहुतेक कोमुनिदादींत ते नातं पुरुषवंशानं चालतं, म्हणजे ती तुमच्या मेहुण्याकडे जाईल, बायकोकडे नाही. रक्कम बहुतेक ठिकाणी किरकोळ असते, मान मोठा. घराच्या वाट्यात बरोबरीची असलेली मुलगी गावाच्या वहीत नसते. हा 1870 आणि 1526 मधला फरक आहे आणि तो एकाच घरात, एकाच बापाच्या मागे दिसतो. वाटणीची इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटे पाडण्याची कोर्टातली प्रक्रिया, सुरू झाली तर वकिलाला ही दोन खाती सुरुवातीलाच वेगळी मांडायला सांगा.